भगिनी मंडळाला वीस मेंबर हवेत

३० नोव्हेंबर १९५३, सोमवार. रात्री जेवणानंतर.

आज आमच्या अध्यापिका विद्यालयाच्या भगिनी मंडळाची सेक्रेटरी झाले. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, यावरून मुलींचा माझ्यावरचा विश्वास दिसतो.

मंडळाची स्थिती: मेंबर नऊ, माझ्यासकट. मालमत्ता: एक खोली, एक बाजाची पेटी (तीन पट्ट्या मुक्या), एक कपाट. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रिन्सिपॉल, म्हणाल्या की जानेवारीअखेर वीस मेंबर झाले नाहीत तर खोली शिवणवर्गाला देणार. मी म्हटलं, पंचवीस करून दाखवते. त्या पुढचा कागद उघडून वाचू लागल्या. थक्क झाल्या असाव्यात.

संकल्प: १. पहाटे पाचला उठणे. २. रोज रोजनिशी. ३. शुद्ध बोलणे. रागावल्यावरसुद्धा.

१ डिसेंबर, मंगळवार.

सातला उठले. बदलापूरची थंडी. उद्यापासून.

४ डिसेंबर, शुक्रवार.

पहिल्या वर्षाच्या मुलींपुढे 'शिक्षिकेचे चारित्र्य' या विषयावर पाऊण तास बोलले. अकरा जणी आल्या. सगळ्या माना खाली घालून ऐकत होत्या. मागून कळलं की मांडीवर गणिताच्या वह्या होत्या. माझ्यानंतर त्याच खोलीत बकुळा त्यांना त्रैराशिक समजावून देते, म्हणून जागा धरायला आल्या होत्या म्हणे. असेना. कानावर तर पडलं.

दोन मेंबर वाढल्या. नावं बकुळाकडे दिली. ती दाराजवळ होती म्हणून.

११ डिसेंबर, शुक्रवार.

बकुळाबद्दल लिहायचं राहिलं. माझी रूममेट. अंबरनाथची. नवरा काडेपेटीच्या कारखान्यात होता, तापाने गेला, तेव्हा ही एकोणीस वर्षांची. आता सव्वीस. बोलते कमी. पुढारीपणाचे गुण अजिबात नाहीत, पण सांगितलेलं काम करते, न सांगितलेलंही करते.

पहिल्या वर्षाच्या चिमीला चार दिवस ताप होता. बकुळा तिच्या उशाशी बसून होती. ताप उतरल्यावर चिमी आणि तिच्या खोलीतल्या चौघी मंडळात आल्या. एकूण सोळा.

भाषणाचा परिणाम उशिरा होतो पण होतो.

१५ डिसेंबर, मंगळवार.

आईचं कार्ड आलं. वांगणीच्या शाळेचे गुरुजी तिचं पत्र लिहून देतात. तुझी खोली कधी बघायला येऊ, असं विचारलंय. जून, दिवाळी, आणि आता, हे तिसऱ्यांदा. वांगणी म्हणजे पुढचंच स्टेशन, त्यामुळे तिला वाटतं कधीही येता येईल.

कळवलं की परीक्षा झाल्यावर ये. इथे नीलिमासारख्या मुली. नीलिमाचे वडील मामलेदार कचेरीत. आई येणार, दारातूनच सुनंदाचं 'सुने' करून हाक मारणार, आणि बोलणार आमच्या पाड्यावरचं. मुलींना मी सांगून ठेवलंय की आईला प्रवास झेपत नाही. ते खोटं नाही. तिला खोकला असतो. आप्पा गेल्यापासून ती तशीही कुठे समारंभाला जात नाही.

पहाटे उठणं: थंडी ओसरेपर्यंत तहकूब.

२१ डिसेंबर, सोमवार.

नीलिमाने आज माझे डोळे उघडले. गावात आपल्या बोर्डिंगला 'पांढऱ्या कपाळांचं बोर्डिंग' म्हणतात, म्हणाली. आपल्याकडे विधवा पुष्कळ, म्हणून. (पुष्कळ कुठल्या? मंडळात सोळांत सहा.) स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाई तर आपल्या दोन मुलींना आमच्या फाटकापाशी उभंही राहू देत नाहीत. त्या दोघी पुढच्या वर्षी इथेच ट्रेनिंगला यायच्या होत्या.

फार वाईट वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या उपाय सुचला. संक्रांतीचं हळदीकुंकू! मंडळातर्फे. गावातल्या सर्व बायका आमच्या खोलीत येणार, बघणार, नाव घेणार. प्रेस्टिज वाढलं की मेंबर मागून आलेच.

त्याच वेळी बकुळाला उठवून सांगितलं. ती उठून बसली. मग म्हणाली, तीळ मी भाजीन.

३० डिसेंबर, बुधवार.

सुट्टी होती. वाण आणायला नीलिमाबरोबर उल्हासनगरला, दोन नंबर कॅम्पात. चाळीस बायका धरून चाळीस गोल आरसे. सिंधी दुकानदार मला 'अदी, अदी' करत होता. अदी म्हणजे ताई. म्हणाला, अदी, पक्का माल है, दस साल मुंह दिखाएगा. मी हिंदीत घासाघीस केली. त्याने भाव वाढवला नाही.

घरी कधी जाणार, असं वाटेत नीलिमाने विचारलं. म्हटलं, सेक्रेटरीला सुट्टी कुठली.

५ जानेवारी १९५४, मंगळवार.

आमंत्रणं स्वतः लिहिली, लाल शाईने. 'सर्व सुवासिनी व कुमारिका भगिनींनी अगत्य येण्याचे करावे. रविवार, १७ जानेवारी, दुपारी चार. कु. सुनंदा महिपती भोईर, सेक्रेटरी.' नाव जरा मोठ्या अक्षरात काढलं. लांबून वाचता यावं.

एक आईला पाठवलं. यायचं नाहीच, हे तिला कळेल. गुरुजी वाचून दाखवतील तेव्हा 'सुवासिनी' शब्द येईलच. तो माझ्यासमोर येणार नाही, हे एक बरं. फक्त माझं नाव बघावं म्हणून पाठवलं.

१३ जानेवारी, बुधवार. दुपार.

बकुळाशी बोलायचं टाळत होते, म्हणजे सवड नव्हती. आज बोलले. तिने दोन दिवस खपून दोनशे लाडू वळलेत. बोटांना पाकाचे फोड आलेत.

म्हटलं, एकच दिवसाचा प्रश्न आहे, गावच्या बायकांचे विचार जुने आहेत, माझे नाहीत. तुम्ही सहा जणी त्या दिवशी पुढे आला नाहीत तर मंडळाचंच भलं होईल.

तिने विचारलं, आम्ही कुठे बसायचं?

मागे, विहिरीपाशी. सावली असते. कपबश्याही तिथेच धुवायच्या असतात.

बरं, म्हणाली. आणि फोडांना तूप लावू लागली.

किती समजूतदार. मला उगीच धास्ती होती.

१७ जानेवारी, रविवार. रात्री नऊ.

कार्यक्रम अपूर्व झाला. रांगोळी, अत्तर, बाजाची पेटी (मुक्या पट्ट्या टाळून). चाळीस येणार होत्या, अकरा आल्या. पण निवडक. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. लाडू छान झालेत, कोणी केले, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मंडळाने. खोटं नाही.

कपबश्या अगदी वेळेवर धुऊन येत होत्या. व्यवस्था चोख.

मध्येच एक अडचण. आमच्या स्वैंपाकीण कौसाबाई कानाशी येऊन म्हणाल्या, बाय, तुमच्याकडं वांगनीची कोन तरी आलीय, मागं बसलीय. मी खिडकीतून पाहिलं. विहिरीच्या कट्ट्यापाशी बकुळाशेजारी कोणी बाई बसली होती. पाठमोरी. डोक्यावरून पदर. ऊन तिकडूनच येत होतं, नीट दिसलं नाही. लुगडं ओळखीचं वाटलं, पण तसली लुगडी बाजारात ढिगाने मिळतात.

डॉक्टरीणबाईंना कुंकू लावायचं होतं. कौसाबाईंना सांगितलं, पाहुण्या जाईपर्यंत तिथेच बसायला सांगा, पुढे येऊ देऊ नका.

सगळं आटोपून मागे गेले तेव्हा ती गेलेली होती. गाडीची वेळ झाली, असं बकुळा म्हणाली. फडक्यात बांधलेलं गाठोडं ठेवून गेली होती. कोण होतं, ते मी बकुळाला विचारलं नाही. दमले होते.

१८ जानेवारी, सोमवार.

गाठोड्यात नवे तांदूळ, सोललेले वाल, आणि तिळाच्या चार वड्या. वड्या माझ्या चौथीच्या वहीच्या कागदात. त्यावर माझंच शुद्धलेखन.

कौसाबाईंनी न विचारता सगळं सांगितलं. ती फाटकातून आत आलीच नव्हती म्हणे, कुंपणाला वळसा घालून मागून आली. म्हणाली, मी काय आत जात नाय, मला ठाव हाय. पोरीचं नाव छापलंय, तिला लांबशी बघीन न जाईन. मग निरोप आल्यावर बसून राहिली. हात रिकामे नकोत म्हणून बकुळाबरोबर कपबश्या धुतल्या. सगळ्या. मधून मधून खोकत होती. बकुळाने तिच्या हातावर लाडू ठेवला, तो तिने गाडीत खाईन म्हणून पदरात बांधला.

बदलापूरच्या अकरा बायकांनी काल आईने धुतलेल्या कपांतून चहा घेतला. मीही घेतला. दोन कप.

छापलेलं नव्हतं ते. हाताने लिहिलं होतं.

आज संकल्प नाही.

२० जानेवारी, बुधवार.

बकुळाने सहा जणींची नावं काढून घेतली. भांडली नाही. म्हणाली, आमची तिथे जागा नाही हे तुम्हीच सांगितलंत, मग जागा अडवून कशाला ठेवायची. सात महिने ती मला तू म्हणत होती.

संध्याकाळी चिमी आली, तिच्या चौघींची आणि स्वतःची नावं काढायला. रडत होती. मी तिला शिस्तीचं महत्त्व समजावलं.

उरल्या पाच.

२३ जानेवारी, शनिवार.

डॉक्टरीणबाईंना लाडू कोणी वळले ते कळलं. त्यांच्या गड्याने निरोप आणला की मुली पुढच्या वर्षी कल्याणला जातील. आरसाही परत पाठवलाय. आता माझ्या पेटीत तीस आरसे.

आणखी तिघी गेल्या. परीक्षा जवळ आल्यामुळे.

२९ जानेवारी, शुक्रवार.

मेंबर: मी आणि नीलिमा. संध्याकाळी नीलिमाही म्हणाली की तिला पोलक्याचं कटिंग शिकायचंय आणि शिवणवर्गाला खोली मिळाली तर तिचीच सोय आहे.

मोठ्या बाईंनी बोलावलं. रागावल्या नाहीत. संध्याकाळी बकुळाजवळ गणिताला बसणाऱ्या मुली कधी मोजल्यास का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. बावीस आहेत, म्हणाल्या. मंडळ तेच होतं, सुनंदा.

कपाटाची किल्ली देऊन आले.

३१ जानेवारी, रविवार. वांगणी.

सकाळी पाचला उठले. झोप लागलीच नव्हती.

निघताना बकुळा वेणी घालत होती. मी आईकडे जातेय म्हटलं. तिने खुंटीवरून एक फडकं काढून दिलं. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेलं. गाठोड्याचं. तुझ्या आईचं आहे, म्हणाली. तुझ्या म्हणाली. मला काही तरी बोलायचं होतं, तोवर ती पाणी आणायला गेली.

आई अंगणात वाल सोलत होती. मला बघून उठली आणि आधी पदराने ओटा पुसला, पाहुणी आल्यासारखा. खोकला वाढलाय.

भिंतीवर माझं आमंत्रण डकवलंय, भाताच्या शिताने. उलटं. लाल शाई ज्या बाजूला जास्त, ती वर. शेजारणींना दाखवते, ही माझी पोर, शिकेटरी.

मी ते सुलटं केलं नाही.

तिने विचारलं, कार्यक्रम बरा झाला ना? कप कमी नाय ना पडले? मी म्हटलं, नाही, पुरले. मग म्हणाली, मी आलती तवा तू कामात होतीस, तुझा खोळंबा नको म्हनून गेली. मलाच उशीर झाला गाडीला. माझी सबब तिने आधीच तयार ठेवली होती.

या वहीत मी पुष्कळ गोष्टींना खोटं नाही असं लिहिलंय. एक खरं लिहून ठेवते. खिडकीतून ती पाठमोरी दिसली तेव्हाच मी तिला ओळखलं होतं. उन्हाचा काही संबंध नव्हता.

तिला हे सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने भात वाढला.

जेवण झाल्यावर भांडी घासायला उठले तर तिने माझ्या हातातून ताट काढून घेतलं. म्हणाली, बस तू. तुझी सवय गेली असंल.