सक्तीची रजा, खाऱ्या पाण्याची टाकी

३ फेब्रुवारी, सोमवार

रजेचा सहावा दिवस. सक्तीची रजा. साहेब म्हणाले, "चौकशी होईपर्यंत दोघंही घरी थांबा." दोघं म्हणजे मी आणि उंट. पंधरा वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीवर एकत्र फिरतोय आम्ही. माणूस ताडमाड, चालतो वाकून, म्हणून सगळे उंटच म्हणतात. त्यालाही सवय झालीय.

घरी करायचं काय? माशांच्या टाकीखालचं कपाट उघडलं. माझीच मला लाज वाटली! अकरा वायरी विजेच्या एकाच पट्टीत, एकमेकींच्या गळ्यात गळे. पट्टीवर मिठाचा पांढरा थर. कुठली वायर कशाची, मालकालाच पत्ता नाही. घरात समुद्र ठेवलाय म्हणून चारचौघांत मिरवतो, आणि खाली हा उकिरडा.

सगळं काढायचं, नव्यानं लावायचं. यादी केली. खालची गाळणीची टाकी मोठी. पंप दोन — एक बंद पडला तर दुसरा. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढतो तो स्किमर, तोही नवा. वायरींसाठी वेगळी फळी. यादी करताना बरं वाटलं. बरं म्हणजे — काहीच वाटलं नाही.

४ फेब्रुवारी

अकरा वायरींना अकरा चिठ्ठ्या. हीटर. दिवा डावा. दिवा उजवा. लाटांचा पंखा.

बायको शाळेच्या ऑफिसातून आली, पर्ससुद्धा ठेवली नाही. "अहो, हे काय मांडलंय? हॉलचं गोदाम केलंत!" जेवताना म्हणाली, "बोला तरी काहीतरी. आठवडा झाला." मी म्हटलं, "वायरीला प्लगच्या खाली झोळ द्यायचा असतो. म्हणजे थेंब झोळातून खाली पडतो, प्लगात जात नाही."  तिनं ताटं उचलली.

६ फेब्रुवारी

काय झालं ते एकदा लिहून ठेवतो.

ऑफिसांची इमारत. तळमजला धरून नऊ मजले, नऊ दारं. दर महिन्याला तपासणी. उंट वर मोटरच्या खोलीत, दारं माझ्याकडे. लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर बाहेरचं दार उघडता कामा नये — एवढंच बघायचं. हातानं ओढून. प्रत्येक मजल्यावर.

बावीस जानेवारीला तपासणी झाली. सत्तावीसला दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं. लिफ्ट वर होती. सफाईच्या मावशी बादल्यांची गाडी ओढत उलट्या पावलांनी आत गेल्या. आत काही नव्हतंच. खाली खड्ड्यात पडल्या. जीव वाचला. पाय हलत नाहीत.

तक्त्यावर सही उंटाची, तो सीनिअर म्हणून. दारं झाली असं मी त्याला सांगितलं, त्यानं नऊ खुणा केल्या, सही केली. माझा जबाब — दारं तपासली होती.

झालं. लिहिलं.

७ फेब्रुवारी

चाळीस लिटर पाण्यात मीठ कालवलं. खारेपणा तीनदा मोजला. तिन्ही वेळा बरोबर.

८ फेब्रुवारी

नवा स्किमर आणायला मासेवाल्याकडे गेलो. दुकानात सगळीकडे निळा उजेड, त्यात त्याचं तोंडही निळं. म्हणाला, "या! त्या दिवशीचं प्रवाळ रुजलं का? काय धावत आला होतात हो, मला वाटलं मागं कुत्रं लागलंय!"

हसलो बहुतेक. स्किमर घेतला. बाहेर येऊन थांबलो तर घर कुठल्या हाताला ते क्षणभर कळेना. वीस वर्षांचा रस्ता आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

टाकी नव्या स्टँडवर चढवायची होती. एकट्याचं काम नाही. मी कुणाला बोलावलं नव्हतं — बायकोनं परस्पर उंटाला फोन केला. दहा वाजता हजर! गुडघा दुखतो तरी जिना चढून आला. पायावर पाय ठेवून बसला, चहा घेतला, बायकोला म्हणाला, "वहिनी, हा माशांना तरी बोलतो का?"

मासे एका पिंपात, प्रवाळ दोन टबांत काढले. पाणी उपसलं. तरी टाकी जड. "तू त्या बाजूनं धर. एक, दोन —" उचलली. ठेवली. लेव्हलची पट्टी लावून बघितली. बुडबुडा मधोमध.

मग हात पुसता पुसता म्हणाला, "दारं तू बघितली होतीस ना?"

"हो."

"मग मला काळजी नाही. नंतर कधीतरी बिघडलं असणार ते. मी तसंच सांगणार." वायरींची फळी बघून म्हणाला, "काय सुंदर काम केलंयस रे!"

तो गेल्यावर लादी पुसली. दोनदा. अजून ओली वाटत होती म्हणून परत.

११ फेब्रुवारी

सगळं जोडून झालं. आता परीक्षा. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी नळीतून खाली येतं. खालच्या टाकीत तेवढी जागा नसेल तर हॉलमध्ये समुद्र! बटण बंद केलं. पाणी चढत गेलं, काठाच्या दोन बोटं खाली थांबलं. चालू केलं. पुन्हा बंद. पाच वेळा केलं. पाचही वेळा दोन बोटं.

मग पहिल्या पंपाचा प्लग काढला. दुसरा आपोआप चालू झाला. तेही पाच वेळा. बायको दारात टेकून बघत होती. कौतुकानं म्हणाली, "बाई गं! कामावरसुद्धा असंच बघता?"

मी पाण्यात हात घालून बसलो होतो. हात पुसून सहाव्यांदा प्लग काढला. 

१२ फेब्रुवारी

ती सहज म्हणाली होती.

१३ फेब्रुवारी

उंटाचा फोन. चौकशी सोमवारी, सतराला. आधी तो, मग मी. "साहेब म्हणाले, सही तुझी, जबाबदारी तुझी. मी म्हटलं, साहेब, तो गडी दार सोडणाऱ्यातला नाही." मग म्हणाला, "घरात जरा अवघड चाललंय. पोरीचं लग्न ठरत आलंय आणि मी असा घरी बसलेलो. व्याही विचारतात ना." मग म्हणाला, "मावशींना भेटून आलो. ओळखलं मला. म्हणाल्या, तुमचा काय दोष!"

मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवल्यावर खूप वेळ तोच शब्द डोक्यात. बरं. बरं काय?

१५ फेब्रुवारी

इथं तरी लिही. इथं कोण वाचतंय!

दारं वरून खाली बघत येतो मी. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यापर्यंत आलो होतो. मासेवाल्याचा फोन आला — माल आलाय, पाचला बंद करतोय, मग आठवडाभर गावाला. घड्याळात पावणेपाच. राहिले होते दुसरा, पहिला, तळमजला. एका दाराला दोन मिनिटं. सहा मिनिटं!

जिन्यानं उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या दारासमोरूनच गेलो. नुसता हात लांबवून ओढलं असतं तरी कळलं असतं. म्हटलं, हे दार कधी त्रास देत नाही. चालता चालताच उंटाला फोन केला, "दारं झाली." तो म्हणाला, "बरं, जा तू. वरचं मी आवरतो." का जातोय तेही विचारलं नाही.

पाचला दोन मिनिटं कमी असताना दुकानात पोचलो.

प्रवाळ रुजलंय. आज सकाळी सगळे हात पसरून उभं होतं, टोकं हिरवी. छान दिसतंय. मी समोर खुर्ची घेऊन बसलो आणि वाट बघितली — आता काहीतरी वाटेल. राग तरी. रडू तरी. काही आलं नाही. दिव्यांची वेळ संपली, ते आपले आपण मालवले.

१६ फेब्रुवारी

टाकीचं काही काम उरलेलं नाही. सगळं जागच्या जागी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. खालची तीन दारं मी बघितलीच नाहीत, उंटाला खोटं सांगितलं. साहेबांनी परत म्हणायला लावलं, लिहून घेतलं. "आधी का नाही बोललात?" म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

बाहेर उंट बाकावर बसला होता. त्यालाही सांगितलं, उभ्यानंच. त्यानं ऐकून घेतलं. बाकावर भरपूर जागा होती. बस म्हणाला नाही. मी भिंतीला टेकून उभाच राहिलो.