फाटकाला फक्त एक हात

४ ऑगस्ट, मंगळवार
वही, माफ कर. नातीनं तुला जानेवारीत आणून दिली, रोजचं बी.पी. लिहायला. लिहायला घेतोय ऑगस्टमध्ये. सात महिने उशीर झाला, कबूल. पण बी.पी. रोज तेच, त्यात लिहायचं काय? आज लिहिण्यासारखं घडलं.

सकाळी नातीचा फोन. लग्न ठरलं. मुलगा शिक्षक आहे, फार बोलत नाही म्हणे. ते बरं. लग्न शहरात नको, तुमच्याकडे करायचंय आजोबा, म्हणाली. चोवीस ऑक्टोबर, शनिवार. ऐन पानगळीत. चाळीसच माणसं, एकदम कोझी आणि स्टायलिश. मी म्हटलं, तू काळजी सोड, मी आहे. ती मग म्हणाली, आजोबा, तुम्ही काहीच करायचं नाही हं. किती गुणी पोर.

चिरंजीव, म्हणजे तिचा बाप, येणार, सूनबाईंसह, चार दिवस मुक्कामाला. चार वर्षांत एकदाही राहायला आलेला नाही. कामात असतो. ही म्हणते कामबिम काही नाही, तुम्ही त्याच्या गाडीला ब्रशनं रंग दिलात तेव्हापासून येत नाही. दारावर ओरखडा होता, मी तेवढाच झाकायला गेलो. मग ते दार उठून दिसायला लागलं, म्हणून बाकीची गाडी. एवढ्यावरून कोणी घर सोडतं का? कामातच असणार.

बी.पी. १५०/९०. आनंदाचं आहे.

९ ऑगस्ट, रविवार
डेकोरेटर बाई आली. नातीनं पाठवलेली. घराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ मागं कोठाराकडे. आमचं कोठार सासऱ्यांच्या वेळचं. लाकडी, फळ्या करड्या पडलेल्या, निम्म्यावर वेल चढलेला. मला मान वर करवेना. बाईनं फळीवरून हात फिरवला. गंजक्या फाटकाचे अकरा फोटो काढले, मोडक्या गाड्याचे सात. मला वाटलं, आता तक्रार जाणार कुठंतरी. तर म्हणाली, काय सुंदर आहे हो हे. शिकलेली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत.

जाताना दोनदा बजावलं, काका, कशालाही हात लावू नका. पडलेलं पानसुद्धा उचलू नका. जसं आहे तसंच हवंय.

मी चार इयत्ता शिकलो, पण माणूस ओळखतो. पाहुणा 'काही नको हो' म्हणाला की गॅस पेटवायचा असतो. हिला हे समजावलं. ही म्हणाली, मग मी नको म्हणते तेव्हा? मी म्हटलं, तुला खरंच नको असतं. ही म्हणाली, पन्नास वर्षांत एकदाही नको नव्हतं. आणि आत गेली.

१० ऑगस्ट
निश्चय: मधेमधे करायचं नाही. फक्त फाटकाला एक हात. अडतीस वर्षं नगरपालिकेत रंगारी होतो. पूल, बागेचे कठडे, शाळेचं कुंपण, सगळं या हातानं. एक तक्रार नाही. आणि नात गंजक्या फाटकातून नवरी म्हणून येणार? मेल्यावरसुद्धा शांती मिळायची नाही मला.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
फाटक झालं. गंज खरवडला, अस्तर, वर दोन हात. हिरवा. अजून ओलं आहे पण काय चमकतंय. डब्यात अर्धा रंग उरला. उघडलेला रंग ठेवला की साय धरते, म्हणून बाक रंगवला. आता थांबलो.

१५ ऑगस्ट
बाकापाठीमागं कोठाराचं दार फार ओंगळ दिसतं. आधी दिसत नव्हतं. फक्त दार.

३ सप्टेंबर, गुरुवार
कोठाराच्या तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला वेल आडवा येतो. पानं लाल व्हायला लागली आहेत, म्हणजे रोग असणार. मुळासकट काढला. ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. मी विचारलं, कसं दिसतंय? म्हणाली, डेपोसारखं. हिच्याकडून कौतुक मिळवायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं. डेपोसुद्धा मीच रंगवला होता, तेव्हा साहेबांनी हात मिळवला होता.

१० सप्टेंबर, गुरुवार
नातीचा फोन. फोटो पाठवा ना आजोबा, आमच्या ग्रुपवर टाकायचेत. मी म्हटलं, मिळणार नाही, सरप्राइज आहे. ती म्हणाली, कसलं सरप्राइज, आजोबा? आवाज बारीक झाला होता. भरून आलं असेल. फोन आजीला द्या म्हणाली. ही आंघोळीला गेली होती. खरं तर समोरच उभी होती. पण ही आली फोनवर की सरप्राइजचा पार भुगा.

एक चिंता आहे. शेजारी. त्याचं खरं नाव मी घेत नाही, सुस्तराव म्हणतो. कुंपणापलीकडे त्याचंही कोठार आहे, आमच्या कोठाराच्याच वयाचं, एका बाजूला कललेलं. अंगणात गुडघ्याएवढं गवत. स्वतः खुर्ची टाकून दिवसभर बसलेला. पाहुणे आमच्याकडून मान वळवतील तर तेच दिसणार. त्याला नम्र चिठ्ठी लिहिली, की आमच्याकडून दिसणारी तुमची बाजू मी फुकट रंगवून देतो. बघू, म्हणाला. एकोणीस वर्षं तो बघूच म्हणतोय.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
अंगण सपाट केलं. मोडका गाडा, जुनी खोकी, चिरलेली पिंपं, तुटकी शिडी, असला सगळा पसारा सुस्तरावाच्या अंगणात नेऊन ठेवला. विचारून. म्हणाला, ठेवा की, इथं काय कोण येतंय. गाडा गवतात कलंडला तसा राहू दिला त्यानं. माणूस म्हणून सरळ आहे, नजर मात्र नाही.

२ ऑक्टोबर, शुक्रवार
नवीन संकट. झाड.

अंगणातलं मोठं झाड पानं टाकायला लागलं. पिवळी, तांबडी, तपकिरी, सगळी एकदम. सकाळी झाडलं, चहा घेऊन येतो तो परत सडा. दिवसातून तीनदा झाडतोय. कंबर धरली. ही म्हणते, पानगळीत लग्न ठेवलंय ते पानांसाठीच असेल ना. मी म्हटलं, कचऱ्यासाठी कोणी मुहूर्त धरतं का. यावर ही कपाळाला हात लावून बसली.

बी.पी. १६०/९५. झाडामुळे.

५ ऑक्टोबर, सोमवार
उपाय सापडला. चोवीस तारखेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. झाडाचं काम आधीच उरकून टाकायचं. लांब काठीनं फांद्या झोडपल्या, तीन दिवसांत निम्मं झाड मोकळं. पानं कुंपणापलीकडे. सुस्तराव म्हणाला, टाका, मला मऊ लागतं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
झाड पूर्ण मोकळं. एक पान नाही. इतकं स्वच्छ झाड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आता वर आभाळ, खाली सपाट माती, मधे हिरवंगार कोठार. ही दारात आली आणि म्हणाली, अहो, पोरीला फोन करून सांगू या का आधी? मी म्हटलं, सगळी मजा जाईल. ही म्हणाली, मजा जायचीच आहे, आज गेली काय नि उद्या गेली काय.

संध्याकाळपर्यंत दोन खोल्या आतून रंगवल्या. चिरंजीव आणि सूनबाईंसाठी. पलंगांनाही एक हात दिला.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
नात आणि डेकोरेटर बाई आल्या. जसं घडलं तसं लिहितो.

फाटकात गाडी थांबली. बराच वेळ कोणी उतरेना. मग बाई उतरली, परत गाडीत जाऊन मोबाइलवरचा पत्ता बघून आली. मी पुढं झालो, म्हटलं, बरोबर आलात, हेच. बाई कोठाराभोवती एक चक्कर मारून आली. वेल कुठं गेला, विचारलं. मी म्हटलं, काढला, रोग पडला होता. गाडा? म्हटलं, हलवला. पानं? मी झाडाकडे बोट केलं, म्हटलं, बघा, एकसुद्धा शिल्लक नाही. बाई म्हणाली, मला जरा बसू द्या. आणि बाकावर बसली.

बाकाला मी आदल्या दिवशी आणखी एक हात दिला होता. 'रंग ओला आहे' अशी पाटी लावली होती, पण पाटीही नवीन रंगवलेली, ती निसटून मागं पडली. बाईच्या कोटाला रंग लागला त्याचं म्हणावं तर मी घासलेट आणून पुसत होतो, बाईच नको नको म्हणाली. नको म्हणाली म्हणून मी आणखी जोरात पुसलं. त्यानं डाग पसरला.

नातीकडे पाहिलं. पोर तोंडावर दोन्ही हात धरून उभी. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय कळेना. जवळ येऊन म्हणाली, आजोबा, एकट्यानं केलंत सगळं? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, या वयात शिडीवर? मी म्हटलं, शिडी तुटकी होती, खोक्यावर चढून केलं. मग तिनं मला मिठी मारली आणि डोळे पुसले. दोन्ही असणार.

तेवढ्यात बाई कुंपणाशी गेली. पलीकडे कललेलं करडं कोठार. गुडघाभर पिवळी-तांबडी पानं. त्यात कलंडलेला आमचा गाडा, आमची खोकी, आमची पिंपं. ऊन तिरपं पडलेलं. मधे सुस्तराव खुर्चीत झोपलेला, मांडीवर मांजर. बाईनं फोटो काढायला सुरुवात केली. मी मोजायचं थांबवलं.

बाईनं सुस्तरावाला उठवून विचारलं, लग्न तुमच्या अंगणात करू का. बघू, म्हणाला. बाईनं हात जोडले. मग म्हणाला, चालेल, पण मला झाडायला लावू नका. बाई म्हणाली, काका, तुम्ही झाडू हातात घेतलात तर मी जीव देईन.

बी.पी. घेतलं नाही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
शांतपणे विचार केला. झालं ते योग्यच. चाळीस माणसं म्हणजे पंधरा गाड्या. गाड्या पानांत लावणार का? आमचं सपाट अंगण त्यासाठीच झालं. नातीनंच सुचवलं, पार्किंग तुमच्याकडे आजोबा. कुठल्याही कार्याची खरी नाडी पार्किंग असते. माणसं नीट आत आली नीट बाहेर गेली की बाकी लग्न कोणीही लावतं. उद्या चुन्यानं रेघा आखतो. बाकी कशाला हात लावायचा नाही असा निश्चय.

१९ ऑक्टोबर, सोमवार
चिरंजीवाचा फोन, हिला. मुक्काम गावातल्या लॉजवर करतोय. खोल्यांना रंगाचा वास असेल, सूनबाईंचं डोकं दुखतं, म्हणाला. ही म्हणाली, वास आहेच. त्यानं विचारलं, पलंगसुद्धा रंगवलाय का? ही म्हणाली, हो रे बाबा, पलंगसुद्धा. मग दोघं मायलेक किती वेळ हसत होते. चार वर्षांत त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. मी शेजारीच होतो. फोन माझ्याकडे आला नाही. लॉज दहाच मिनिटांवर आहे, तेव्हा घरी राहिल्यासारखंच.

गाड्याही लॉजवरच लावून सगळे एका बसनं येणार आहेत असं कळलं. रेघा आखून झाल्या होत्या.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
सुस्तरावानं कुंपणावरून कार्ड दाखवलं. जाड कागद, कडेला दाबून उमटवलेली पानं. यजमान म्हणून त्याचं नाव घातलंय, तेही पूर्ण. तुमचं कसं आहे, दाखवा, म्हणाला. मी म्हटलं, आत ठेवलंय.

आत काही नाही. लग्न आमच्याकडे होतं तेव्हा आम्ही यजमान, म्हणून पाहुण्यांच्या यादीत नाही. आता यजमान तो. यादी तीच राहिली. म्हणजे आम्ही कुठंच नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, सख्ख्या नातीच्या लग्नाला कार्ड लागतं का, मी तर जाणार, चपला घालून तयार आहे. पण फाटकाचा रंग, झाडाची पानं, कोट, पलंग, हे हिनं केलेलं नाही. मी केलंय. कधी नव्हे ते स्पष्ट विचारावं असं वाटतं. फोन केला तर सगळे म्हणतात, आजोबा, नंतर बोलू. म्हणून इथं लिहितो. ही मोबाइलवर याचा फोटो काढून पाठवेल.

चि. नातीस आशीर्वाद.
राग नाही. पलीकडे फार छान दिसतंय. आज खुर्च्या आल्या, कुंपणावरून मोजल्या, चाळीसच आहेत. त्यात आमची धरली आहे की नाही ते कळत नाही. खुर्ची नसली तरी हरकत नाही, मला उभं राहायची सवय आहे. कुंपणापाशी उभा राहिलो तर दिसतं सगळं, फक्त तुम्ही काय बोलता ते ऐकू येत नाही. आत यायला सांगितलंस तर कशाला हात लावणार नाही. दोन्ही हात खिशात ठेवीन, तू स्वतः बघ. तुझा बाप बोलला नाही तरी चालेल, त्याच्या शेजारी बसव एवढंच.
मी यायचं ना? हो की नाही, एका शब्दात कळव. लवकर कळव पोरी, परवाच लग्न आहे.