पुंगळीच्या खांद्यावरचा रंग

बिग टिंबर, मोंटाना
२ सप्टेंबर २००९

ती. अर्विडकाकांस,
मारेनचा सा. न. वि. वि.

पाकिटावरचं नाव वाचून दचकू नका. तुमच्या मोठ्या भावाची, लेइफची मुलगी मी. तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा माझे पुढचे दोन दात पडलेले होते. आता एकोणीस वर्षांची आहे आणि दात सगळे आलेत. तुमचा पत्ता मार्टाआत्यानं दिला. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असंही तीच म्हणाली, म्हणून हे पत्र.

यंदा एल्कच्या, म्हणजे त्या मोठ्या हरणांच्या, शिकारीला जायचं ठरवलंय. रायफल आजोबांची आणि काडतुसं माझ्या हातची. बाबांना म्हटलं, मला शिकवा, तर म्हणाले, दुकानातून एक खोकं आण आणि गप बस. शेवटी मी नवी डाय, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणायचा पोलादी साचा, विकत आणली, पुस्तक वाचलं आणि काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा मापात आणायला आजोबांच्या प्रेसवर बसले. सहा पुंगळ्यांच्या खांद्यांना, मानेखालच्या त्या उताराला, पोचे आले. सातवी डायमध्ये अशी रुतली की हँडलला लोंबकळून ती बाहेर काढावी लागली. पोचा आलेली एक सोबत पाठवतेय. माझं काय चुकतंय?

या पत्राचं बाबांना काही माहीत नाही. ओळख जुनी आहे, लोभ नव्यानं धरावा.

आपली,
मारेन


चॅलिस, आयडाहो
९ सप्टेंबर २००९

चि. मारेनस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुंगळी पोचली. पावाला लोणी फासावं तसं तू तिला वंगण फासलं आहेस. जादा वंगणाला डायमध्ये जायला जागा नसते. ते खांद्यापाशी साठतं आणि पितळ आत दाबतं. मग सातवीच्या वेळी घाबरून तू काहीच लावलं नसशील, म्हणून ती रुतली.

लोकरीची चरबी घे. मेंढ्यांच्या घरात तिला तोटा नाही. मटाराच्या दाण्याएवढी बोटांवर चोळ आणि पुंगळी बोटांत फिरव. पोटाला लागली पाहिजे, खांद्याला नाही. मानेच्या आत कापसाच्या काडीनं नुसता स्पर्श कर. काम झालं की सगळं पुसून काढ. वंगणाच्या फवाऱ्याचा डबा आणला असशील तर फवारून पाच मिनिटं थांब. त्यातलं अल्कोहोल उडालं की मगच चरबी कामाला लागते. ओली पुंगळी आत घातलीस तर अडकलीच म्हणून समज.

आणखी एक. आपल्या घरी ज्याच्या त्याच्या पुंगळ्या वेगळ्या असायच्या. ज्याच्या मेंढ्यांच्या पाठीवर जो रंग, त्याचाच ठिपका त्याच्या पुंगळीच्या खांद्यावर. लेइफचा निळा, माझा लाल. तूही एखादा रंग निवड.

तुझ्या बापानं शिकवलं नाही याचं मला नवल वाटत नाही. का, ते विचारू नकोस.

माझा लोभ आहे, तुझाही असू दे.

अर्विडकाका


बिग टिंबर
२० सप्टेंबर २००९

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

वीस पुंगळ्या झाल्या, एकीलाही पोचा नाही! फवारा आणला होता. पाच मिनिटं थांबताना मात्र जीव जातो हो. स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. रंग अजून ठरत नाही. पिवळा लावला तर मार्टाआत्या म्हणते, आजारी मेंढीला लावतात तो.

एक विचारायचं होतं. पाना शोधताना मेंढ्यांच्या औषधाच्या कपाटात, अगदी मागे, एक पत्र्याचा डबा सापडला. आत जुनी डाय आहे, तिच्यावर T कोरलेलं आहे. टोरवाल्ड म्हणजे आजोबाच ना? आत एक पुंगळी अडकलेली आहे आणि तिच्या बुडाची कडा तुटलीय. आजोबांची रायफल आहे, तर डायही त्यांचीच असावी असं वाटतं. ही पुंगळी कशी काढू? बाबा मेंढ्यांच्या बाजाराला लुईसटाउनला गेलेत, ते यायच्या आत काढून त्यांना चकित करीन म्हणते.

उत्तराची आणि तुमच्या लोभाची वाट पाहते.

मारेन


चॅलिस
२५ सप्टेंबर २००९

चि. मारेनस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ती डाय नदीत फेकून दिली, असं तुझ्या बापानं आम्हाला सांगितलं होतं.

आता तुला सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी शिकारीचा मोसम उघडायच्या दिवशी सकाळी ती डाय अशी अडकलेली सापडली. वडिलांनी विचारलं, कोणी केलं? लेइफनं माझं नाव घेतलं. मी नाही म्हणालो. पुंगळी बाहेर काढा, खांद्यावरचा रंग बघा, असं मी हात जोडून सांगत होतो. पण डाय घेऊन लेइफ बाहेर गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. वडील मला म्हणाले, चूक मी पोटात घातली असती, खोटेपणा घालणार नाही. त्याच दुपारी मी घर सोडलं.

आधी डायच्या मधली दांडी फिरवून काढ. पुंगळीच्या बुडाला गिरमिटानं भोक पाड, त्यात आटे पाड, बोल्ट घाल आणि पान्यानं हळूहळू ओढ. खांदा खरवडू नकोस. आणि मला फक्त रंग कळव.

अर्विड


बिग टिंबर
४ ऑक्टोबर २००९

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

निळा.

पुसट आहे, पण निळाच आहे. मी खिडकीपाशी नेऊन पाहिला, मग मार्टाआत्याला दाखवला. ती रडायला लागली. बाबा आले तेव्हा पुंगळी टेबलावरच होती. त्यांनी ती उचलली नाही. कुंपणाचं फाटक लावून येतो म्हणाले, आणि फाटक तर लावलेलंच होतं. मला त्यांचा इतका राग आलाय की एका टेबलावर जेवता येत नाही.

डाय आणि पुंगळी, दोन्ही पाठवतेय. त्या तुमच्याकडेच असायला हव्यात. बाबाही पत्र लिहिणार आहेत. काका, तुम्ही आता तरी घरी याल ना?

लोभाला काय म्हणू, तो माझ्याकडून पूर्ण आहे.

मारेन


बिग टिंबर
६ ऑक्टोबर २००९

अर्विड,

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

फवारा तेव्हा नवा होता. थांबायचं असतं हे डब्यावर वाचलं होतं. घाई झाली, पुंगळी ओलीच घातली. वडिलांनी विचारलं तेव्हा तू कॉफी ओतत होतास, आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. रंग बघा म्हणालास तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नदीपर्यंत गेलो होतो. डाय फेकायचा धीर झाला नाही आणि वडिलांपुढे ठेवायचाही झाला नाही, म्हणून कपाटात लपवली. वडिलांना सांगू, उद्या सांगू, असं म्हणत राहिलो आणि ते त्याच डिसेंबरात वारले.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ये. सगळ्यांसमोर सांगतो. रायफल तुझी आहे.

लेइफ


चॅलिस
१७ ऑक्टोबर २००९

चि. मारेनस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बापाचं पत्र मिळालं. उत्तर तुला लिहितो आहे, त्याला नाही.

सगळ्यांसमोर सांगतो म्हणे. सगळे म्हणजे कोण? मार्टानं तेव्हाही माझ्यावर विश्वास ठेवला होता. ज्यानं ऐकायला हवं होतं तो मेल्व्हिलच्या चर्चमागे पुरलेला आहे. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात मी इस्पितळात फोन केला होता. नर्स म्हणाली, ते म्हणतात, खोटं बोलणाऱ्याशी मला बोलायचं नाही. तेव्हा माझे कान चांगले होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

मी येणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, तू तुझं काम चोख केलंस. रायफल तुझ्याकडेच राहू दे. डाय साफ करून परत पाठवतो आहे, आतून एक ओरखडा नाही. पुंगळी मी ठेवून घेतली.

पाच मिनिटं थांबायचं होतं, तेवढं त्याला जमलं नाही. अकरा वर्षं थांबणं बरं जमलं. तू मात्र घड्याळ समोर ठेवूनच फवार, आणि काम झाल्यावर पुंगळ्या पुसायला विसरू नकोस. रंग पिवळाच लाव, मार्टा काहीही म्हणू दे. एल्क मिळाला की कळव.

लोभ आहेच, तुझ्यापुरता.

अर्विडकाका