राखाडी चौकोनातली भाची

मंगळवार पेठ, कोल्हापूर

आदरणीय दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे संघर्षचा, वाकून जय भीम.

तिकडं बेंगळुरात हवा कशी आहे? तुमचं पित्त, ताईची कंबर, बाळाची झोप आणि तुमचा नवीन फोन या सगळ्यांची तब्येत बरी असावी असं धरून चालतो. (फोनचं नाव शेवटी घेतलं, पण आमच्या घरात सध्या जे चाललंय ते त्याच्यामुळंच चाललंय.) पत्र मुद्दाम कागदावर लिहून तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. ईमेल केलं असतं तर साक्षीताईनं ते तुमच्या आधी वाचलं असतं, तिनं वाचलं की आईला फोन, आणि आईला कळलं की पेठेला कळलं. तुम्ही पडला बँकेतले माणूस, तुमच्या पोटात गोष्ट राहते. म्हणून मन तुमच्यापुढं मोकळं करतो.

तर ताईनं बाळाचे फोटो मला ईमेलनं पाठवले. माझ्याकडं व्हॉट्सअ‍ॅप नाही (लग्नात तुमच्या काकांनी त्यावरून मला जेवण होईपर्यंत ऐकवलं होतं), आईकडं बटणांचा फोन, तेव्हा भाचीचं तोंड आमच्या घरात येणार ते माझ्याच कॉम्प्युटरमधनं. व्हिडिओ कॉल करून झाला, पण कॉलसाठी मी स्वतः बसवलेल्या सर्व्हरवर चित्र तुमच्या छताच्या पंख्यावर जे अडकलं ते अडकलंच. (तुमच्या पंख्याच्या एका पात्याला जाळं लागलंय, तेवढं काढा.) म्हणून फोटो आल्याबरोबर मी आईला खुर्ची दिली, गल्लीतल्या बायका आल्या होत्या त्यांना सतरंजी टाकली आणि 'झरोका' उघडलं. झरोका म्हणजे फोटो बघायचं मी लिहिलेलं सॉफ्टवेअर. अगदी मोकळं. कुणीही घ्यावं, आत काय आहे ते बघावं, बदलावं, पुढं वाटावं, कुणाला विचारायचं काम नाही. जर्मनीतला एक गडी आणि ब्राझीलची एक बाई माझ्याबरोबर त्यावर फुकट राबतात. फोटो उघडला आणि आला राखाडी चौकोन. त्यात मीच मोठ्या अभिमानानं लिहिलेलं वाक्य होतं की हा प्रकार पेटंटात अडकलेला असल्यामुळे दाखवता येत नाही, क्षमस्व. आईनं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि मला म्हणाली, "माझी नात कशात अडाकलीया रं?"

आता दाजी, हे तुम्हाला सांगतो तसं मी तिलाही सांगितलं. तुमचा फोन फोटो काढतो एचईआयसी नावाच्या प्रकारात. फोटो झकास येतो, जागा निम्मी खातो, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण तो ज्या रीतीनं दाबून बारीक करतात त्या रीतीवर दूरदेशीच्या कितीतरी कंपन्यांची पेटंटं आहेत. आम्ही फुकट वाटणारी माणसं, आम्ही परवानगी कुठनं विकत आणायची? उद्या कुणाच्या वकिलाची नोटीस आली तर ती ब्राझीलची बाई काय करेल बिचारी? म्हणून पेटंटवालं काही आत घ्यायचं नाही असा आमचा ठराव आहे. (ठराव मीच मांडला होता. इंग्रजीत. त्या जर्मनानं वाहवा केली होती.) पूर्वी जिफ नावाच्या प्रकाराचं असंच झालं होतं, तेव्हा आमच्या आधीच्या मंडळींनी दुसरा प्रकार काढला आणि पेटंट संपेपर्यंत कळ सोसली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि हे पेटंट कधी संपतंय एवढंच विचारलं. मी म्हटलं, बाळ शाळेत जायला लागलं की. त्याबरोबर सतरंजीवरच्या बायका उठल्या आणि चपला घालायला लागल्या.

त्या कुठं गेल्या असतील? पृथ्वीराजकडं! आमच्याच गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढतो, नवरानवरीला पन्हाळ्यावर नेऊन उलटं लटकवायचं तेवढं बाकी ठेवलंय त्यानं. ह्या इसमानं काय केलं, माझं झरोका जसंच्या तसं उचललं, त्याला एचईआयसी उघडणारा एक तुकडा बाहेरनं आणून जोडला आणि नाव ठेवलं 'झरोका प्लस'. बास, एवढंच. मला ते एका दुपारी जमलं असतं. पण मी नाही म्हणून बसलो आणि हा व्हय म्हणून मोकळा झाला. त्याला पेटंटाचं विचारलं तर म्हणतो, कोल्हापुरात कोण येतंय विचारायला? आणि भांडायची पण सोय नाही, कारण घ्या, बदला, वाटा हे मीच लिहून दिलंय. आज माझं झरोका मी वापरतो, तो जर्मन वापरतो आणि ब्राझीलची ती बाई अधनंमधनं वापरते. प्लस वापरायला मात्र गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत माणसं आहेत. कुणी विचारलं तर मी म्हणतो, चांगलं झालं, प्रसार झाला. दाजी, तुम्हाला म्हणून सांगतो, मी जळतोय. रोज सकाळी त्याचं शटर वर जाताना आवाज येतो आणि माझा चहा कडू होतो.

आईनं मला फोटो पेनड्राइव्हवर घालून मागितले. मी दिले. (नुसती नक्कल केल्यानं पेटंट मोडत नाही, मी खात्री करून घेतली होती.) ती गेली ती दुपारच्या जेवणालाच परत आली, आणि पुढचे दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. नाक म्हणे तुमच्यावर गेलंय, हनुवटी ताईची, आणि कान थेट मामाचे. हे कानाचं कुणी शोधून काढलं? पृथ्वीराजनं! मोठं करून, आणखी मोठं करून त्यानं आईला दाखवलं की बघा काकू, कसे दाराच्या फळ्यांगत बाहेर आलेत, अगदी आमच्या संघर्षगत. माझ्या भाचीचे माझ्यावर गेलेले कान माझ्याआधी ह्यानं बघितले आणि पेठभर सांगितले. मी जाहीर केलं की स्वतः बघितल्याशिवाय मी हे कान मान्य करत नाही. आईनं काय करावं? ताईसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला आणि वाटीभर लाडू त्याला नेऊन दिले. बाळंतिणीचे लाडू, दाजी, आणि खातोय फोटोग्राफर.

तरी एक गोष्ट माझ्या हातात होती. पुढच्या पौर्णिमेला नामकरण इथं आमच्या घरी आहे, आणि आमच्यात बाळाच्या पायात चांदीचे वाळे घालायचे ते मामानंच. तिथं प्लसबिसचं काही चालत नाही. म्हणून मी हुपरीला सिकंदरभाईंकडं गेलो. ते पैंजणांचे जुने कारागीर, दुकानाच्या मागंच कारखाना, आणि नक्षीचे फोटो बघायला त्यांच्या कॉम्प्युटरवर झरोका मी स्वतः बसवून दिलेलं. त्यांनी पायाचं माप मागितलं. मी म्हटलं, बाळ आहे, बाळाएवढं करा. ते हसले. पण आईला माझा भरवसा नव्हता, तिनं निघताना पेनड्राइव्ह माझ्या खिशात कोंबून सांगितलं होतं की हे सिकंदरला दे आणि गप बस. एका फोटोत ताईनं बाळाचा पाय पट्टीला लावून धरलाय म्हणे. मी निर्धास्तपणे पेनड्राइव्ह दिला, कारण येणार तो राखाडी चौकोनच. सिकंदरभाईंनी बटण दाबलं आणि दाजी, पडदा उजळला. वरच्या कोपऱ्यात नाव बघितलं तर झरोका प्लस! माझ्या हातानं बसवलेलं काढून ह्यांनी ते कधी घातलं कुणास ठाऊक.

आता मी काय करायला पाहिजे होतं सांगा. मी ठराव मांडणारा माणूस. बाळ पडद्यावर पुरतं यायच्या आत मी गर्रकन वळलो आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. सिकंदरभाई म्हणाले, "पावणं, बघा की, पोरगी लई ग्वाड हाय." मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, तुम्ही माप घ्या. त्यांनी माप घेतलं, चहा आला, चहा गार झाला, तरी मी भिंतीकडंच. शेवटी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला तेव्हा मी वळलो. एवढी निष्ठा त्या जर्मनाला तरी जमेल का?

आणि इतकं करून घरी येतोय तर पृथ्वीराज आमच्या कट्ट्यावर बसलेला, हातात लाडू, आणि आईला सांगतोय की काकू, वाळे मामाचे झाले तरी पाळण्याचं मी बघतो, मी पण मामाच की! आई व्हय म्हणाली. लगेच म्हणाली. माझं सॉफ्टवेअर नेलं, माणसं नेली, लाडू नेले, ते सगळं मी सोसलं. पण मामा? मामा कुणी जसाच्या तसा उचलून प्लस लावून वाटत नाही.

बाकी इकडं सगळं ठीक. ताईला नमस्कार सांगू नका, पत्र आल्याचं कळेल.

आपला, तत्त्वाला धरून उभा असलेला,
संघर्ष

ता. क. तुमच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' असं आहे. ते निवडलं की फोन गुमान साधा जेपीजी फोटो काढतो, आणि तो माझ्या झरोक्यात उघडतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ताईला बोललो नाही, कारण ती म्हणणार, पृथ्वीराजला जमलं आणि तुला एवढं पण जमंना व्हय? तेव्हा तुम्ही गुपचूप तेवढं बदला आणि बाळाचा एक नवीन फोटो काढून मला पाठवा. समोरून काढा. कान झाकू नका.

ता. क. दुसरा. सिकंदरभाईंच्या त्या भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी आरसा आहे. चांगला मोठा. मी तत्त्वाला धरून उभा होतो हे खरं, पण चहा उगाच गार झाला नाही. कान माझेच आहेत, दाजी. फक्त आरशात सगळं उलटं दिसतं, तिचा डावा कुठला आणि उजवा कुठला ते मला कळंना. पौर्णिमेपर्यंत दम निघत नाही. एकदा सरळ बघायचंय.