काकाकुव्यांच्या तासातलं पान

बिंडारा,
५ एप्रिल १९६४

ती. उनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल धुळीनं माखून का होईना, टपालगाडीनं सुखरूप पोचलं. तीन पुस्तकं, चहाचा डबा आणि वर तुझं टोमण्यांनी भरलेलं पत्र! टूवूम्बाच्या गार हवेत, ग्रंथालयाच्या पंख्याखाली बसून टोमणे बरे सुचतात गं तुला. इथं उन्हाळा सरून एप्रिल लागला तरी पत्र्याखाली जीव शिजतोय, आणि बाईसाहेबांनी पाठवलंय काय, तर नॉर्वेतल्या पाद्र्याची कादंबरी. निम्म्या पुस्तकात नुसता बर्फच पडतो! पण खरं सांगते, त्यातलं पान मी वायरलेसवर वाचलं आणि सगळ्या खूश. फ्लो हॅनिगन म्हणाली, की गोष्ट काडीची कळली नाही, पण ऐकून अंग गार झालं.

आमचा काकाकुव्यांचा तास आता छान रंगतो. सकाळी विमानानं फिरणाऱ्या डॉक्टरांचे रुग्ण आणि तारांचे निरोप आटोपले, की वायरलेसची लाइन आम्हा बायकांची. नाव अर्थात पुरुषांनी ठेवलेलं, आम्ही कलकलाट करतो म्हणून. गुरुवारी मात्र उखाळ्यापाखाळ्या बंद, फक्त पुस्तकं. एकीनं आपल्या आवडत्या पुस्तकातलं पान वाचायचं, मग ते पुस्तक टपालगाडीनं या रानातल्या घरून त्या रानातल्या घरी फिरायचं. हे मी सुरू केलं म्हणून जरा मिरवते. मिरवू दे.

एक गंमत सांगायची राहिली. रानकुत्री अडवायच्या लांबलचक कुंपणावर टेड पॅस्को राखणीला असतो, त्याची बायको मर्ल. शेजार म्हणावा असा कोणी नाही, नुसती तार आणि वाळू. ती रोज ऐकत असते हे सगळ्यांना ठाऊक, पण कधी बोलत नाही, मूग गिळून बसते. मी तिच्या मागेच लागले. शेवटी परवा कबूल झाली, की तिची एक आवडती लेखिका आहे आणि येत्या गुरुवारी ती वाचेल. पाहा तुझ्या बहिणीचं कर्तृत्व!

नवरोबा क्लेमचा नमस्कार. लोभ किती आहे ते पार्सलाच्या वजनावरून कळतंच. तो असाच जड होत जावा.

तुझी,
एनिड

*

बिंडारा,
१२ एप्रिल १९६४

ती. उनाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, मी काय करून बसले ते कुठल्या तोंडानं सांगू? लिहितानाही कानशिलं तापताहेत.

गुरुवारी मर्लनं वाचलं. त्या फेन्विकबाईंची कादंबरी, तुझ्या ग्रंथालयात फाटेस्तोवर फिरते तसली. गरीब शिक्षिका, घोड्यावरचा जहागीरदार, तो आला की वारा सुटणार म्हणजे सुटणारच. मर्ल शब्दागणिक अडखळत होती. एखादा शब्द धरायची, सोडायची, पुन्हा मागून यायची. ओळीखाली बोट फिरतंय हे आवाजावरून कळत होतं. पण पान पुरं केलं तिनं. सगळ्यांनी शाबासकी दिली, मीही दिली.

मग माझी पाळी. तुला आमचा हा माइक माहीत नाही. कळ दाबून धरली तरच आपला आवाज जातो, आणि दाबलेली असेपर्यंत दुसऱ्या कोणाचं काही ऐकू येत नाही. पुस्तक धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून मी कळीवर रबरबँड चढवते. गुरुवारीही चढवला. वाचून झालं, सगळ्यांचा निरोप घेतला. पलीकडून उत्तर नाही. मला वाटलं, तास संपला, ज्या त्या आपापल्या कामाला लागल्या. मी कणीक मळायला घेतली. रबरबँड काढायचा राहिला, ताई.

तेवढ्यात क्लेम चहाला आला. त्यानं विचारलं, की तुझी कुंपणवाली कशी वाचते. आणि मी नक्कल करून दाखवली! पिठाच्या हातानं, उभी राहून, तो जहागीरदार, तो वारा, तिचं ते शब्द धरणं आणि सोडणं, सगळं. वर म्हणाले, की जिला धड वाचता येत नाही तिला आवड कसली आलीय, चघळायला गोळी दिली असती तरी चाललं असतं. क्लेम हसला. हसता हसता थांबला आणि त्यानं मुकाट्यानं माइककडं बोट दाखवलं.

सगळी रानं ऐकत होती, आणि कळ माझ्याकडं अडकलेली, म्हणून कोणाला मला गप्प करता येत नव्हतं. रबरबँड ओढून काढला तर वायरलेस केंद्रावरचा माणूस हळूच म्हणत होता, की टलकबाई, तुमची कळ बघा.

शुक्रवारी वायरलेसवरच्या सकाळच्या हजेरीला कुंपणावरून मर्लऐवजी टेड बोलला. शनिवारीही तोच. मी टपालगाडीवाल्याच्या हाती माफीची चिठ्ठी आणि मुरंबा पाठवलाय. तिनं पुन्हा बोलावं, एवढंच झालं पाहिजे. ती पुन्हा मुकी झाली तर ते माझ्यामुळं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

लोभ ठेव असं लिहायची आज हिंमत नाही. जमलं तर ठेव.

तुझी,
एनिड

*

टूवूम्बा,
२० एप्रिल १९६४

चि. एनिड हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा, देवा क्षमा कर, मला हसू आलं. पिठाच्या हातानं उभी असलेली तू डोळ्यांपुढं आली. मग मर्ल डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला आणि हसल्याची लाज वाटली. म्हणजे या पापात आता मीही आहे.

तुझ्या जिभेला पहिल्यापासून हाड नाही. आत्याच्या लंगडण्याची नक्कल तू तिच्या पाठीमागं करायचीस आणि आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसायचो. आम्हीच तुला चढवून ठेवलं. आणि फेन्विकबाईंना नाकं मुरडू नकोस. मला विचारशील तर तुझ्या पाद्र्याची कादंबरी मी अर्धवट सोडली, म्हणून तर तुला पाठवली. फेन्विकबाई मात्र मी घरी नेते, तपकिरी कागद चढवून, कोणी पाहू नये म्हणून. आपण दोघी बहिणी शोभतो खऱ्या!

आता चिठ्ठ्या आणि मुरंबे पुरे. अख्ख्या लाइनीवर बोललीस, तर माफीही लाइनीवर माग. सगळ्यांच्या देखत, नाव घेऊन, स्वतःची वकिली न करता. तुझ्या फुगलेल्या मानाला टाचणी लागेल, लागू दे.

सोबत फेन्विकबाईंची दोन पुस्तकं पाठवतेय. ऊन बाधू देऊ नकोस. रागावले असले तरी लोभाला धक्का नाही, हे काय तुला सांगायला हवं?

तुझी,
उनाताई

*

बिंडारा,
१७ मे १९६४

ती. उनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. तुझं पत्र आलं त्याच गुरुवारी माइक हातात घेतला आणि सांगितलं, की मी मर्ल पॅस्कोची नक्कल केली, तिच्या आवडीची टिंगल केली, आणि मला स्वतःची लाज वाटते. बोलून झाल्यावर एकेक जण लाइनीवर येऊ लागली. फ्लो रडलीच. केंद्रावरच्या माणसानंही म्हटलं, की असं बोलायला धाडस लागतं. फार दिवसांनी मला गाढ झोप लागली.

मर्ल मात्र बोलली नाही. टेड आला लाइनीवर. मोठ्या दिलाचा माणूस! म्हणाला, की टलकबाई, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही तर आमची चांगली करमणूक केलीत. आमची बाई आहेच तशी घुमी. त्याचं हसणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

तरी म्हटलं, मर्लच्या तोंडून ऐकल्याशिवाय थांबायचं नाही. म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी मी आधी माफी मागते आणि मग फेन्विकबाईंचं एक पान वाचते, नक्कल न करता, मनापासून. मर्ल, ऐकत असलीस तर हे तुझ्यासाठी, असं आधी म्हणते. ताई, ती बाई लिहिते बरं का! शिक्षिका एकटी जेवते तो भाग मी दोनदा वाचला. बाकीच्याजणी म्हणतात, की हा गुरुवार आता चर्चपेक्षा बरा वाटतो. लाज अजून आहे, पण आता ती पूर्वीसारखी जाळत नाही.

एक दिवस ती कळ दाबेल बघ. मी नेटानं लावून धरलंय. तुझ्या लोभानंच हे सुचलं, तेव्हा तो आटू देऊ नकोस.

तुझी,
एनिड

*

कुंपणावरून,
२४ मे

टलकबाई यांना मर्ल पॅस्कोचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. टेड कुंपणाच्या तारा बघायला गेलाय, तो यायच्या आत टपालगाडीवाल्याकडं देते.

तुमची चिठ्ठी मिळाली. मुरंबा टेडनं खाल्ला, आवडला म्हणाला.

मला वाचायला फार उशिरा आलं. इथं आल्यावर मीच शिकले, फेन्विकबाईंच्या पुस्तकांवर. त्यांत तेच ते शब्द येतात म्हणून बरं पडतं. ते पान मी कोंबड्यांपुढं कितीतरी वेळा म्हटलं होतं. कोंबड्यांपुढं चांगलं जमायचं. टेडला मी सांगितलं नव्हतं, की मला वाचता येतं. त्या गुरुवारी तो घरी असेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही पुस्तकाला नावं ठेवलीत त्याचं मला काही वाटलं नाही. पुस्तक चांगलं आहे हे मला माहीत आहे. पण तुमची नक्कल हुबेहूब होती. म्हणून टेड हसला. त्याला फार आवडली ती. तेव्हापासून तो जेवताना तशीच करतो, माझ्या आवाजात. पाहुणा आला तरी करतो. मध्ये तो विसरला होता. मग गुरुवारी तुम्ही माफी मागता आणि माझं नाव घेता, की त्याला पुन्हा आठवतं.

तुम्ही मनापासून मागता हे मला कळतं. तुम्ही वाईट नाही. पण टलकबाई, आता थांबा. माझी माफी मागू नका. माझ्यासाठी म्हणून काही वाचू नका. लाइनीवर माझं नावच काढू नका.

लोभ ठेवा म्हणण्याइतकी आपली ओळख नाही. पण पुस्तकं फिरतात त्यांत आमचं कुंपण गाळू नका. पार्सलावर टेडचं नाव घाला आणि आत काय आहे ते लिहू नका. कुठलंही पुस्तक चालेल. मी आता मनातल्या मनात वाचते, ओठ न हलवता.

मर्ल पॅस्को