दवाखान्याच्या बुकातलं नाव

प्रिय पंजाब,

पोट चिरून घेतलं, टाके घातले, टाके काढले, अन् घरी पत्र काय लिहिलं तर इथली हवा थंड आहे, बटाटे चांगले मिळतात. बटाटे! मी तुले बटाट्याचं विचारलं होतं का? परक्या माणसाच्या तोंडून मले कळावं? बाबाराव मास्तर सुटीवर आले. बिचारे पावर हाउसच्या टेसनावर गाडीतून उतरले ते आपल्या घरी जायच्या आधी माझ्याकडे आले, तू पाठवलेला ट्रांझिस्टर हातात ठेवला, अन् म्हणतात, पंजाबरावांच्या पोटाचं आता कसं आहे, काही कळलं का? मी चहा गाळून राहिली होती. अर्धा चहा ओट्यावर गेला. त्यांले वाटलं, तुझ्याच शाळेत शिकवतो आम्ही, एका गावात राहतो, आम्हाले माहीत ते घरी माहीत असेलच. मी मान हलवली. हो हो, कळलं म्हटलं. तुझी इज्जत ठेवली. मग भजे तळले, त्यांले बसवून ठेवलं, अन् एकेक गोष्ट काढून घेतली.

वर्गात फळ्याजवळ रक्ताची उलटी झाली म्हणे तुले. पोरं घाबरून पळाली. दवाखान्यात नेलं तर आधी विचारलं, पैसे कोण भरणार? बाहेरदेशचा मास्तर, त्याचं त्यानं पाहायचं. ते ऑपरेशन अजून तुझ्या पगारातून कापून राहिले आहेत. अन् डॉक्टर म्हणाला की हे अर्धंच झालं, पोटाचा सडका भाग काढला पाहिजे, मोठ्या शहरात जा, पण तिथे पैसे आधी ठेवा. तर तू म्हणाला, पाहू पुढे. काय पाहू पुढे? आणखी एक उलटी?

तो करारनामा तू मले वाचून दाखवला होता, याच ओट्यावर बसून. पगार इतका, राहायले घर, जहाजाचं तिकीट, दोन वर्षांनी सुटी. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, मले इंग्रजीतलं काय समजते, पण मी एक विचारलं होतं. म्हटलं, बिमार पडला तर? तू हसला. म्हणाला, बाई, मी काय म्हातारा आहे का? शिकलेल्या माणसानं सही करायच्या आधी तेवढी एक ओळ शोधायची होती. नव्हती ना ती ओळ? मग लिहून घ्यायची होती.

मले ते विचारायचं कावून सुचलं ते सांगते. मी झोया मॅडमच्या घरी भांडी-फरशी करत होती ना, तुले आवडत नव्हतं ते काम. रशियन इंजिनेरांच्या लेकरांले शिकवायची ती. म्हणजे तीही तुझ्यासारखीच, घर सोडून दुसऱ्याच्या देशात आलेली मास्तरीण. तिले कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. तर त्यांचा डॉक्टर मोटर घेऊन घरी आला, संगं नर्स, संगं हिंदी बोलणारा दुभाषा. पोलादाच्या प्लांटच्या दवाखान्यात वेगळी खोली, औषध, फळं, सगळं. कोणी तिले एका पैशाचं बिल दाखवलं नाही. मी त्या दुभाष्याले विचारलं, भाऊ, हे कोण भरते? तो म्हणाला, बाई, सात समुद्रापलीकडून बोलावलं तर मास्तरणीसंगं तिचं काळीज अन् पोटही आलंच ना, ते काय तिनं घरी ठेवून यायचं? तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की बोलावणाऱ्यानं बिमारीही बोलावली पाहिजे. तुले बोलावलं त्यांनी फक्त गणित बोलावलं. पोट तुझं तू पाहा.

पण आणखी एक सांगते. इतकं सगळं होतं तरी ती चार वाजता रडायची. भेटायची वेळ व्हायची, दुसऱ्यांची माणसं यायची, हिच्याकडे कोण येणार? तिची माय तिकडे बर्फात. मी काम आटपून जायची. पेज घेऊन जायची तर तिले मीठ चालत नव्हतं, साखर घालून खायची, पाहूनच मले मळमळायचं. माझा हात धरून ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या भाषेत. एकमेकीचं काही कळत नव्हतं, पण ती झोपायची. तिले डॉक्टर होते, औषध होतं. माणूस नव्हतं. ते मी होती.

तुझ्याजवळ कोण बसलं, पंजाब? बाबाराव दोन दिवस बसले, मग त्यांचे वर्ग होते. शेवटी त्यांनीच मले सांगितलं की तुझी घरमालकीण रोज कॉफी घेऊन यायची अन् तिच्या देवाचं काही म्हणत पायाजवळ बसायची. त्या बाईले माझा नमस्कार सांग. कसा सांगशील ते तू पाहा, पण सांग. अन् पोटाच्या माणसाले कॉफी देऊ नये, तेही सांग.

आता हा ट्रांझिस्टर. एडनच्या बंदरावर स्वस्त मिळते, बाईले घेऊन जा, दिवसभर एकटी राहते, असं म्हणून तू बाबारावांजवळ पैसे दिले म्हणे. आतडं कापायले तुझ्याजवळ पैसे नाहीत अन् मले गाणी ऐकायले आहेत. मी तो गोधडीत गुंडाळून ठेवला. तुझे भाऊजी इतवारी लावत होते, मी कान पिळून बंद केला.

एकटी राहते ते खरं आहे. तुझ्या भाऊजीची बदली राजहऱ्याच्या खाणीवर झाली ते तुले मागेच लिहिलं. शनिवारी सांजेले येतात, अंगावरची लाल माती धुतात, जेवतात, झोपतात, सोमवारी पहाटे गाडी. त्यांले पहिलेच बोलायची सवय नाही, आता खाणीतल्या धडाक्यानं ऐकूही कमी येते. एका बाजूले मल्याळी घर आहे, दुसऱ्या बाजूले सरदारजी. बाया चांगल्या आहेत. आम्ही एकमेकींले हसतो, लोणचं देतो, अन् दार लावतो. सुपेल्याले भाजी घ्यायले गेली तर छत्तीसगढीत भाव करते. कधी कधी मंगळवारी ध्यानात येते की सोमवारपासून मराठीचा एक शब्द तोंडातून निघाला नाही. मग मी भांड्यांवर ओरडते. प्लांटचा भोंगा वाजला की अजून फाटकाकडे पाहते. शाळा सुटायची तुझी तेव्हा, त्याच भोंग्याले. म्हणून हे पत्र लांबलं. हात दुखून राहिला, अक्षर वाकडं झालं, तरी बोलून राहिली.

तुले ते कॅम्पातलं पत्र्याचं खोपडं आठवते का? चहूकडे चिखल, रात्रंदिवस मशिनी, अन् दवाखाना म्हणजे एक तंबू. तुझे भाऊजी नोकरीवर नवीनच लागले होते. कंपाउंडर दवाखान्याचं बुक भरून राहिला होता, ज्याचं नाव त्यात त्याले औषधपाणी फुकट, म्हणाला, घरात कोण कोण? मी म्हटलं, माझ्या चुलीवर जेवते ते सगळे लिहा. हे, मी अन् पंजाब. आपल्या गावात घर म्हणजे तेच, एक चूल. तो म्हणाला, पोरगा तुमचाच ना? मी म्हटलं, मग काय शेजाऱ्याचा? त्यानं लिहिलं, पुत्र. मी खोटं बोलली का? तुझ्या जन्माच्या दिवशी माय गेली, वर्षाच्या आत बाबू गेले, अन् मी तुले कडेवर घेऊन सासरी आली. सासू म्हणाली, हुंड्यात भाऊ आणला. मी म्हटलं, हो, आणला. देवानं नंतर पोटी काही दिलं नाही, मी मागितलंही नाही. त्याच बुकावर तुझा टायफाइड निघाला, त्याच बुकावर हात मोडला तेव्हा प्लास्टर लागलं.

तू मोठा झाला अन् ते बुक तुझ्या हाती लागलं. त्या दिवशी जे बोलला ते मी कोणाले सांगितलं नाही, तुझ्या भाऊजीलेही नाही. पोरं चिडवतात म्हणाला, याले दोन बाप, एक शाळेच्या रजिस्टरात, एक दवाखान्याच्या बुकात. अन् मग म्हणाला, माझी माय मेली आहे, तू बहीण आहेस, बहिणीसारखी राह. बरोबर होतं तुझं. मी राहिली. तू बाई म्हणत गेला, मी ओ देत गेली. तुले इथली कॉलेजं सोडून नागपूर पाहिजे होतं, नागपूर सोडून तो देश पाहिजे होता. मी एकदाही म्हटलं नाही की जाऊ नको.

आता ऐक, हे लिहायचं कारण. दवाखान्यात नवी बुकं बनून राहिली. शालिकराम म्हणून बाबू आहे, गोंदियाकडचा, आपल्यासारखंच बोलणारा. त्यानं जुनं बुक उघडलं अन् तुझ्या नावावर बोट ठेवलं. म्हणाला, ताई, पोरगा कमावते ना, बाहेरदेशी आहे, मग हे नाव कापावं लागते. मी म्हटलं, तो बिमार आहे. तो म्हणाला, बिमार होऊन घरी आला असेल, कमाई नसेल, आई-बापाच्या भरवशावर असेल, तर मोठे डॉक्टर ठेवू शकतात नाव, ऑपरेशनही इथेच होईल. पण पोरगा समोर उभा पाहिजे, अन् साहेब विचारतील, ही तुझी कोण. त्यांचा कायदा असा की भावाचं नाव बुकात बसत नाही, बहिणीचा भाऊ म्हणजे दुसरं घर. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, सख्खाच आहे ना ताई? मी त्याच्या बोटाखालून बुक ओढून मिटलं. म्हटलं, पोळ्यापर्यंत थांब बाबू, त्याले विचारून सांगते. तो थांबला आहे. पोळा झाला की जुनी बुकं जमा होतात. तर विचारून राहिली. ती नोकरी सोड, दुर्गच्या शाळेले मास्तर पाहिजेच असते. ये, इथे पोट दाखव, अन् साहेबानं विचारलं तर माझ्याकडे पाहून मान हलव. तोंडानं आई म्हणायची जरुरी नाही, घरी आल्यावर तर मुळीच नाही, घरात मी बाईच राहीन. ते तुझ्यानं होत नसेल तर तसं साफ लिही, मी स्वतः जाऊन शालिकरामसमोर तुझ्या नावावर रेघ मारीन अन् हा ट्रांझिस्टर विकून पैसे पाठवीन, पण बटाट्याची पत्रं पाठवू नको. तार कर. दोन शब्द लागतात, येतो किंवा नाही. पोळ्याच्या दिवशी बैल दारावरून जायच्या आत मले उत्तर पाहिजे.

तुझीच,
कोण ते तू ठरव,
मनकर्णा