खडूचे अमेरिकेचे अर्ज

प्रिय धाकट्या,

तुला आणि धाकटीला अनेक आशीर्वाद. पाठ कशी आहे? फोनवर "बरी आहे" म्हणालास, पण ज्या आवाजात म्हणालास तो आवाज मी तुझ्या लहानपणापासून ओळखतो. डॉक्टरकडे जा. (तिकडे वेळ मिळायला महिने लागतात ही सबब नको. एवढी मोठी अमेरिका आणि पाठ दाखवायला माणूस नाही!) माझा उजवा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो, बाकी जेवण, झोप आणि लोकांच्या चुका काढणं व्यवस्थित चालू आहे.

आता मुख्य हकीकत. माझा नातू, आपला खडू (हे नाव तूच ठेवलंस: उंच, पांढराफटक आणि जरा दाबला की मोडणारा), बारावी पास झाला. 'पास' हा शब्द मी जपून वापरतोय. गणितात तर तपासणाऱ्याला शेवटी दयाच आली असावी. इथल्या बऱ्या कॉलेजांनी दारं लावून घेतली. यावर माझ्या चिरंजीवांनी, ज्यांचा जन्म पाण्याचे पंप विकण्यात गेला आणि ज्यांना पाणी वर कसं चढतं एवढं मात्र नक्की कळतं, असा निष्कर्ष काढला की मुलाला आता अमेरिकेतल्या सगळ्यात नामांकित विद्यापीठांतच घातलं पाहिजे. आलेल्या हुशार पोरांतली बहुतेक सगळी जिथून परत पाठवतात, तिथे! कोपऱ्यावरच्या कॉलेजने नको म्हटलेला मुलगा त्यांना कसा हवा होईल, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "बाबा, तिथे नुसते मार्क बघत नाहीत. संपूर्ण माणूस बघतात." मी खडूकडे पाहिलं. तो कोचाखाली डोकं घालून मोजा शोधत होता, आणि मोजा त्याच्या पायातच होता. हा संपूर्ण माणूस.

मग सल्लागार गाठला. (मी कशाला गेलो? सुनेने नेलं. तिच्या मते मी शेजारी बसलो की समोरचा फी सांगताना चाचरतो. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून उभी नोकरी काढलेल्या माणसाचा चेहरा पुढेही तसाच राहतो.) गाद्यांच्या दुकानावर त्याचं ऑफिस. काचेचं दार, आत थंडगार, आणि भिंतीवर हसऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो. सगळ्यांच्या अंगात निळा कोट. तोही एकच, फोटोपुरता घालायला देत असणार. डाव्या खिशाची उसवलेली शिवण प्रत्येक फोटोत होती. सल्लागार टाय लावून बसला होता. त्याने खडूची गुणपत्रिका एक्स-रे धरावा तशी उजेडात धरली, हळूच खाली ठेवली आणि विचारलं, "याची गोष्ट काय?" आम्हाला काही कळेना. तर म्हणे, कमी मार्कांच्या मुलाला दुःख लागतं. घरात मोठं आजारपण? नाही. धंद्यात खोट? नाही. आईवडील वेगळे राहतात? नाही. (इथे चिरंजीवांनी आणि सुनेने एकमेकांकडे पाहिलं, ते मला जरा आशेनेच पाहिल्यासारखं वाटलं.) टायवाल्याने मान हलवली. इतकं निरुपयोगी सुखी घर त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत आलं नसावं.

दुःख सापडेपर्यंत समाजसेवा करा, असं ठरलं. वृद्धांना मोबाइल शिकवणारी खडूची संस्था स्थापन झाली. संस्थेत वृद्ध मी एकटा. फोटोत मात्र आम्ही पाचजण आहोत. टोपीतला मी, मफलरमधला मी, काठीवाला मी, चष्मा काढलेला मी आणि सुनेची शाल डोक्यावरून घेऊन पाठमोरी बसलेली एक म्हातारी, तीही मीच. (मोबाइल मला खडूपेक्षा बरा येतो, ते सोड.) आयुष्यभर लोकांची खोटी वजनं पकडली आणि म्हातारपणी स्वतःच खोटं वजन होऊन काट्यावर बसलो.

अर्ज गेले. सोबतचा निबंध मला कुणी दाखवला नाही. पुढे एका विद्यापीठाने मुलाखत ठेवली. घेणारे आपल्याच शहरातले हृदयरोगाचे डॉक्टर, पूर्वी तिथे शिकलेले. मुलाखत व्हिडिओवर, माझ्या खोलीत, कारण मागची भिंत घरात तेवढीच धड आहे. तोवर स्वयंपाकघरातून हलायचं नाही, अशी मला ताकीद होती. पण माझं कानाचं यंत्र त्याच खोलीत राहिलं होतं, आणि त्याच्यावाचून मला ताकीद नीट ऐकू आली नव्हती. मी आत गेलो, टेबलावरून यंत्र उचललं, कानात घातलं, आणि पहिलंच वाक्य ऐकलं ते डॉक्टरांचं: तुझे आजोबा गेले हे वाचून फार वाईट वाटलं.

कुठले आजोबा? व्याही तर चिरंजीवांच्या लग्नाआधीच वारले होते. दारात सून दोन्ही हातांनी मला बाहेर बोलावत होती. डॉक्टरांनी पडद्यावर मला पाहिलंच होतं. हे कोण, म्हणून त्यांनी विचारलं.

खडूने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले. मग इंग्रजी सोडून सरळ म्हणाला, "हे आजोबा."

"दुसरे का?" डॉक्टरांनी इंग्रजीतच विचारलं.

"नाही सर. तेच. मेलेले."

मग डॉक्टरही मराठीत आले. "असं का लिहिलंस?"

"मला सल्लागारांनी सांगितलं, जिवंत आजोबा कुणी वाचत नाही. पण बाकीचं सगळं खरं आहे."

बाकीचं काय, म्हणून मी मध्ये पडलो. मी मेल्यावर माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकायचा हक्क मला नाही तर कुणाला? तेव्हा पोराने सांगितलं. मी त्याला बाजारात नेऊन, डोळे मिटून, हातात एक किलो ओळखायला शिकवलं, ते. आणि तो शाळेत एकदा गणितात नापास झाला तेव्हा न रागावता मी शेजारी बसून तीच गणितं सोडवायला घेतली, आणि माझीही चुकली, तेही. त्यामुळे त्याला रडू आलं नाही, म्हणे. मी डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगितलं की माझं एकच गणित चुकलं होतं. ते हसले, पण नंतर त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतात बरेच लोक. मी त्यात काही अर्थ काढत नाही.

सगळीकडून नकार आले. "निर्णय अतिशय कठीण होता," असं प्रत्येकाने कळवलंय. कठीण? खडूचे मार्क समोर असताना? एवढं धादांत खोटं तर आमच्या बाजारात कांदेवालाही बोलत नव्हता. चिरंजीव अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. "बाबा, पाच मिनिटं थांबला असतात तर!" म्हणाले. थांबायचं म्हणजे मेलेलं राहायचं, धाकट्या. आणि टायवाल्याचा सल्ला ऐक: पुढच्या वर्षी आईच्या बाजूचं, लांब राहणारं कुणीतरी निवडा. ज्या विद्यापीठांच्या दारात जायला घरातलं माणूस मारावं लागतं, त्यांची ती हिरवळ आणि तो घड्याळाचा मनोरा त्यांनाच लखलाभ. आपल्या घरातलं कुणी तिकडे शिकायला जाणार नाही. हा विषय माझ्यापुरता संपला.

पाठीला शेक घेत जा.

तुझा,
थोरला

ता. क. खडूवर मी भरपूर चिडलो, असं तुला त्याच्या आईकडून कळेल. ते तसंच राहू दे. खरं म्हणजे निबंधातला माझ्यावरचा भाग मी त्याच्याकडून पुन्हा दोनदा वाचून घेतला. एरवी माणसाला या गोष्टी ऐकायला मिळत नाहीत.

ता. क. आणखी एक. तुमच्या गावातलं ते साधं कॉलेज, जिथे दारातून आत शिरलं की प्रवेश मिळतो म्हणून तू फोनवर हसत होतास, ते अजून आहे ना? आणि तुझ्या गॅरेजवरची खोली रिकामी आहे का? धाकटीला विचारून सांग, तुझ्या एकट्याच्या होकारावर मी जात नाही. अर्ज खडूने आणि मी बसून भरला आहे. टायवाला नाही, चिरंजीवांना पत्ता नाही. मार्क तेच आहेत. आजोबा जिवंत आहेत. एवढ्यावर घेतात का, चौकशी करून लवकर कळव.